लॅपटॉप चालू होताना गोल फिरत बसतो, पुढे जातच नाही (लिनक्स) [सुटलं]

कोरी पाटी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लिनक्स वापरायला लागून दोन वर्षं झाली, पण माझं वापरणं म्हणजे ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि गाणी ऐकणं. आतलं काही कळत नाही, तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा.

काल अपडेट केलं. शेवटी ‘रीस्टार्ट करा’ आलं म्हणून केलं, तेव्हापासून लॅपटॉप चालूच होत नाही. कंपनीचा लोगो येतो, खाली गोल फिरायला लागतं आणि फिरतच राहतं. बराच वेळ थांबले. मग पॉवरचं बटण दाबून धरून बंद केलं, पुन्हा चालू केलं, तेच. असं सहा-सात वेळा झालं.

डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार) उबंटूच्या घराण्यातलं आहे, ४ जीबी रॅम, एसएसडी, इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन्ही ग्राफिक्स. अपडेटशिवाय मी काहीच बदललेलं नाही. एरवी मी लॅपटॉप बंद करत नाही, नुसतं झाकण लावते. गेले दोनेक आठवडे टॅब जास्त उघडले की सगळं गोठायचं, पण तो ब्राउझरचा दोष असणार, त्याचा याच्याशी संबंध नाही.

सोमवारपर्यंत एक फाइल द्यायची आहे. मोबाइलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

तिरकस | शनिवार, रात्री ९:५२

विंडोज टाका. (पळतो.)

पाढे पंचावन्न | शनिवार, रात्री १०:०५

अहो, दुहेरी ग्राफिक्स म्हणालात तिथेच उत्तर मिळालं. नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आलं, एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, पडदा अडकला. ही केस मी डोळे मिटून ओळखतो.

चालू करताना लोगो दिसताक्षणी एस्केप दाबा म्हणजे ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येईल. वरच्या ओळीवर असताना ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल, ते खोडून ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या पडद्यावर चालू हो) लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो, बिघडायचं काही नाही.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १०:२०

पंचावन्न म्हणतात ते असूही शकेल, पण त्याआधी तीन प्रश्न.

‘बराच वेळ’ म्हणजे घड्याळात किती? ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ म्हणून ओळ असते, तिच्यात जुनं कर्नल असतं. ते निवडून काय होतं? आणि गोल फिरत असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं तर काळ्या पडद्यावर लॉगिन मागतो का?

विचारतोय अशासाठी की ‘हँग झाला’ म्हणताना आपण पाच वेगवेगळी दुखणी एका नावाने सांगतो. आधी मदरबोर्डचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रबला हाक मारतं. ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस नावाचं छोटं गाठोडं मेमरीत ठेवतो. त्या गाठोड्यातल्या सामानावर कर्नल खरी डिस्क शोधतं. डिस्क सापडली की कारभार सिस्टिमडीकडे जातो, आणि तो एकेक सेवा चालू करत शेवटी लॉगिनचा पडदा आणतो. गाडी यातल्या कुठल्या स्टेशनावर थांबली हे कळेपर्यंत औषध देणं म्हणजे अंधारात गोळी. तो फिरणारा गोल या सगळ्यावर घातलेला पडदा आहे. मागे मजकूर सरकत असतो, तो आपल्याला दिसू नये एवढंच त्याचं काम.

आणि बटण दाबून बंद करणं शक्यतो थांबवा. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून सावकाश एस, मग यू, मग बी दाबा (काही लॅपटॉपवर एफएन पण धरावं लागतं). एस म्हणजे लिहायचं राहिलेलं डिस्कवर लिही, यू म्हणजे डिस्क फक्त-वाचन करून टाक, बी म्हणजे रीबूट. जुने लोक ‘आर ई आय एस यू बी’ असा अख्खा मंत्र सांगतील. पण उबंटूमध्ये ही परवानगी मुळात १७६ वर ठेवलेली असते, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८. त्यात नेमकी ही शेवटची तीन अक्षरंच चालतात.

कोरी पाटी | शनिवार, रात्री ११:३५

एस्केप दोनदा दाबला गेला आणि ‘ग्रब’ असं लिहून नुसता कर्सर लुकलुकत बसला. घाबरले!

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:३८

‘नॉर्मल’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा, मेनू परत येईल. तिथे दरवाजा थोडा जास्त उघडला गेला, एवढंच झालं.

कोरी पाटी | रविवार, रात्री १२:१०

आला मेनू. जुनं कर्नल: तोच गोल, काही फरक नाही. एफ३: काही होत नाही, लॉगिन मागत नाही.

मग पंचावन्न यांनी सांगितलं तसं क्वाएट स्प्लॅश खोडून नोमोडसेट लिहिलं. पडद्यावर भराभरा अक्षरं आली, मध्ये बराच वेळ लाल तारे इकडून तिकडे सरकत होते, मी तेवढ्यात पाणी प्यायला उठले, आणि परत येते तर लॉगिन!!! सगळं जरा मोठं मोठं आणि ओबडधोबड दिसतंय, ब्राइटनेसही कमी होत नाही, पण चालू झाला. फाइल पेनड्राइव्हवर घेतली. पंचावन्न, तुमचे कसे आभार मानू!

पाढे पंचावन्न | रविवार, रात्री १२:१४

म्हटलं होतं ना, डोळे मिटून. आता ते कायमचं करा. ईटीसीमध्ये डीफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल, तिच्यात क्वाएट स्प्लॅशच्या पुढे नोमोडसेट लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. नंतर सवडीने ड्रायव्हर बदलू.

रात्रपाळी | रविवार, रात्री १२:३०

अभिनंदन. पण मला दोन गोष्टी खटकतात. अपडेटमुळे बिघडलं असतं तर जुन्या कर्नलवर चालायला हवं होतं. आणि ते लाल तारे. त्यांच्यासमोर काय लिहिलं होतं, आठवतंय का?

कोरी पाटी | रविवार, रात्री १२:३३

नाही हो, वाचलं नाही. आता झोपते. कायमचं करून टाकलंय.

अवकाळी | रविवार, सकाळी ८:०५

माझंही अगदी हेच होतंय! गोल फिरत नाही, पण लॉगिनचा पडदा येतो, पासवर्ड टाकला की काळं होऊन पुन्हा लॉगिनवरच येतं. मी पण नोमोडसेट करू का?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ८:४०

अवकाळी, ‘अगदी हेच’ नाहीये. तुमची गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत पोचतेय. लॉगिनवर असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, तिथे नाव-पासवर्ड टाकून ‘डीएफ डॅश एच’ चालवा. मुख्य पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) किंवा होम १०० टक्के भरलेलं दिसलं तर तेच कारण. डेस्कटॉपला सुरू होताना दोन-चार बारीक फाइली लिहाव्या लागतात, जागा नसेल तर तो मुकाट्याने बाहेर पडतो. ‘सुडो जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम-साइझ=१००एम’ (हा एम मोठा) आणि ‘सुडो एपीटी क्लीन’ केलंत तरी तात्पुरती जागा होईल. त्यानंतरही नाही जमलं तर कृपया नवा धागा काढा, इथे दोन रोगी एका खाटेवर नकोत.

(सगळ्यांसाठी: आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना रोमन लिपीत, मोठं अक्षर सांगितलं नसेल तिथे छोट्या अक्षरांत करा. डॅश म्हणजे आडवी छोटी रेघ.)

अवकाळी | रविवार, सकाळी ९:२०

१०० टक्केच होतं. डाउनलोड्समध्ये डिस्ट्रोंच्या आयएसओ फाइलींचा ढीग. सुटलं, धन्यवाद. लाज वाटली.

कोरी पाटी | रविवार, सकाळी १०:५०

परत तेच!!! सकाळी चालू केला तर गोल फिरतोय. नोमोडसेट कायमचं केलं होतं ना? तीनदा बंद-चालू केला. (ऑल्ट-प्रिंटस्क्रीन विसरले, बटणच दाबलं, रागावू नका.) आणि आता तर गोलसुद्धा नाही. काळ्या पडद्यावर ‘अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’ असं काहीतरी आणि खाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहून थांबलाय. एसएसडी गेली का? माझे फोटो आहेत त्यात.

जुनं खोड | रविवार, सकाळी ११:००

श्वास घ्या. एसएसडी गेलेली असती तर इतकं शुद्ध इंग्रजी बोलली नसती.

वरचेवर वीज तोडल्यावर फाइलसिस्टिमच्या नोंदी विस्कटतात. ईएक्सटी४ स्वतःची रोजनिशी ठेवते आणि बहुतेक वेळा चालू होताना आपापलं सावरून घेते. कधीतरी तिलाही माणसाचा हात लागतो, आज लागलाय. संदेशात डेव्ह/एसडीए२ असं पार्टिशनचं नाव असेल. तेच नाव घेऊन ‘एफएससीके डॅश वाय डेव्ह/एसडीए२’ लिहा, ‘डेव्ह’च्या आधीच्या तिरप्या रेघेसकट. पूर्ण झालं की ‘एक्झिट’.

‘डॅश वाय’ म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. डिस्कच्याच तब्येतीचा संशय असता तर मी हे सांगितलं नसतं, आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत दोषी बटण आहे. तरी नंतर ‘सुडो स्मार्टसीटीएल डॅश ए डेव्ह/एसडीए’ बघून घ्या. ते पॅकेज नसेल तर स्मार्टमॉनटूल्स नावाने मिळेल.

कोरी पाटी | रविवार, सकाळी ११:२५

झालं. दहा-बारा ओळी ‘फिक्स्ड’ म्हणत गेल्या. एक्झिट केल्यावर परत गोल. हातसुद्धा लावत नाही, तशीच समोर बसलेय.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:२७

उत्तम! तशाच बसा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.

कोरी पाटी | रविवार, सकाळी ११:३१

चालू झाला!! आपोआप! मी काहीही केलं नाही.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १२:१०

हेच हवं होतं. आता एक प्रयोग. नोमोडसेट काढा (त्याच फाइलमधून, मग अपडेट-ग्रब), पण क्वाएट स्प्लॅशही काढा. म्हणजे ग्राफिक्स नेहमीसारखे आणि समोरचा पडदा मात्र उघडा. बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत स्टॉपवॉच. लाल तारे आले की मोबाइलने त्याचा फोटो काढा. मधेच कॅप्स लॉक दाबून बघा, दिवा लागतो-विझतो का. लागत असेल तर कर्नल जिवंत आहे.

पंचावन्न, राग नसावा. काल एका दमात दोन गोष्टी बदलल्या गेल्या: नोमोडसेट आलं आणि क्वाएट स्प्लॅश गेलं. शिवाय तिसरी गोष्ट घडली ती कुणी मोजली नाही. ताई पाणी प्यायला उठल्या.

पाढे पंचावन्न | रविवार, दुपारी १२:१५

राग कसला. पण बघूच.

कोरी पाटी | रविवार, दुपारी १:०५

नोमोडसेटशिवाय चालू झाला. २ मिनिटं ३० सेकंद. पडदा एकदम सुबक दिसतोय, ब्राइटनेसही चालतो. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता.

सुरुवातीला अर्धा मिनिट काहीच हललं नाही. मग हिरव्या ‘ओके’च्या ओळी आल्या आणि मग तारे. फोटोतून वाचून लिहिते: ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर डेव्ह-डिस्क-बाय-यूयूआयडी’, पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ. शेवटी कंसात सेकंद वाढत होते आणि त्यापुढे ‘१ मिनिट ३० सेकंद’. दीड मिनिट भरलं तशी ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’ आणि ‘डिपेन्डन्सी फेल्ड फॉर स्वॅप’ अशा ओळी आल्या आणि सगळं धडाधड पुढे गेलं.

आणि खरं सांगते, काल ‘बराच वेळ’ म्हणाले तो फार तर सव्वा मिनिट असेल.

तिरकस | रविवार, दुपारी १:०८

म्हणजे लॅपटॉप हँग नव्हता, विचारात पडला होता.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:४०

सापडलं. सिस्टिमडी एखाद्या डिस्कची वाट मुळात ९० सेकंद बघतो. पार्टिशन ओळखायला यूयूआयडी नावाचा ३६ खुणांचा क्रमांक असतो, आणि चालू होताना कुठली पार्टिशनं जोडायची ती यादी ईटीसीमधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये असते. तुमच्या यादीतलं स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) पार्टिशन प्रत्यक्षात जागेवर नाही. दीड मिनिट वाट बघून तो त्याचा नाद सोडतो. तुम्ही त्याच्या आधीच बटण दाबायच्या, म्हणून तो कधी नाद सोडायच्या टप्प्यापर्यंत पोचलाच नाही. एफ३ वर लॉगिन का मिळालं नाही तेही यातच आलं. स्वॅपची बाब निकाली निघेपर्यंत लॉगिनची पाळीच येत नाही.

आता हे दाखवा: ‘एलएसबीएलके डॅश एफ’, ‘कॅट ईटीसी/एफएसटॅब’, ‘फ्री डॅश एच’ आणि ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ’. माळा पूर्ण नकोत, शेवटची चार अक्षरं पुरेत.

कुणी ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ सांगायच्या आत: ते इथे फसवेल. ब्लेम फक्त चालू झालेल्या गोष्टींना किती वेळ लागला ते सांगतं. जी आलीच नाही तिचं नाव त्या यादीत नसतं.

कोरी पाटी | रविवार, दुपारी २:३०

एफएसटॅबमध्ये तीन ओळी. रूट (मुख्य पार्टिशन) आणि ईएफआय जुळतात. स्वॅपच्या ओळीत शेवट ९ए४१, आणि एलएसबीएलकेमध्ये एसडीए३ स्वॅप आहे त्याचा शेवट ०७डीसी. फ्रीमध्ये स्वॅप: शून्य, शून्य, शून्य.

अ‍ॅनलाइझ: फर्मवेअर ८ सेकंद, लोडर ५, कर्नल ३६, यूजरस्पेस १ मिनिट ४१.

पण मी तर या फाइलला कधी हात लावला नाही!

जुनं खोड | रविवार, दुपारी २:४४

फाइलला नसेल. पार्टिशनला लावला होता का? दोनेक आठवड्यांपूर्वी?

कोरी पाटी | रविवार, दुपारी २:५८

…हो.

रूट भरत आलं होतं. एका लेखात वाचून लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड (पार्टिशनं बदलायचं साधन) उघडलं, मधलं स्वॅप काढलं, रूट वाढवलं आणि स्वॅप शेवटी पुन्हा केलं. पण त्यानंतर चालू झाला होता नीट! मी चालू करून दुसऱ्या कामाला गेले होते… आणि तेव्हापासून झाकणच लावतेय. परवा अपडेटनंतर पहिल्यांदा रीस्टार्ट केला.

‘काहीच बदललं नाही’ म्हणाले होते ना मी. सॉरी.

जुनं खोड | रविवार, दुपारी ३:०५

सॉरी कसलं, असं सगळेच म्हणतात. मी पण म्हणतो. नवं स्वॅप केलं की त्याला नवा यूयूआयडी मिळतो, हे त्या लेखात लिहायला हवं होतं.

आणि पहिल्या पोस्टकडे बघा: ‘दोनेक आठवडे टॅब जास्त उघडले की गोठतं, त्याचा याच्याशी संबंध नाही.’ ४ जीबी रॅम, स्वॅप शून्य. तोच संबंध होता! आम्हीही वाचून पुढे गेलो.

रात्रपाळी | रविवार, दुपारी ३:३०

दुरुस्ती अशी. आधी एफएसटॅबची प्रत: ‘सुडो सीपी ईटीसी/एफएसटॅब ईटीसी/एफएसटॅब.जुनी’. मग ‘सुडो बीएलकेआयडी डेव्ह/एसडीए३’ चालवून नवा यूयूआयडी टर्मिनलमधूनच कॉपी करा. हाताने टाइप करू नका, बी आणि ८ मध्ये हमखास गोंधळ होतो. ‘सुडो नॅनो ईटीसी/एफएसटॅब’ उघडून फक्त स्वॅपच्या ओळीतली माळ बदला.

रीस्टार्ट करायच्या आधी ‘सुडो फाइंडमाउंट डॅश डॅश व्हेरिफाय’. ही आज्ञा फार कमी लोकांना माहीत असते, एफएसटॅबमधल्या चुका ती आधीच दाखवते. या फाइलमध्ये रूटची ओळ चुकली तर मग खरंच पंचाईत होईल. व्हेरिफायने तक्रार केली नाही की ‘सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रिलोड’ आणि ‘सुडो स्वॅपऑन डॅश ए’. फ्रीमध्ये स्वॅप दिसलं पाहिजे.

कोरी पाटी | रविवार, दुपारी ४:१५

व्हेरिफायने ‘शून्य चुका’ सांगितलं. फ्रीमध्ये स्वॅप २ जीबी! रीस्टार्ट: १ मिनिट २ सेकंद. लाल तारे गेले. म्हणजे सुटलं ना? शीर्षकात लिहू का?

रात्रपाळी | रविवार, दुपारी ४:२०

थांबा. सुरुवातीचा अर्धा मिनिट अजून तसाच आहे का?

कोरी पाटी | रविवार, दुपारी ४:२४

हो. कर्नल ३६ सेकंदच दाखवतोय.

जुनं खोड | रविवार, दुपारी ४:५०

एकट्या कर्नलला ३६ सेकंद लागत नाहीत. या घराण्यात इनिटरॅमएफएसचा वेळ कर्नलच्या खात्यात धरला जातो, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. आत कुणीतरी आणखी एक वाट बघतंय.

‘सुडो लेस व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग’ उघडा. परवाच्या अपडेटमध्ये ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ जिथे चाललं तिथे डब्ल्यूने सुरू होणाऱ्या दोन ओळी असतील, मी पैज लावतो.

कोरी पाटी | रविवार, संध्या. ५:०२

आहेत! ‘डब्ल्यू: इनिटरॅमएफएस-टूल्स कॉन्फिगरेशन सेट्स रिझ्यूम=यूयूआयडी…९ए४१’ आणि खाली ‘डब्ल्यू: बट नो मॅचिंग स्वॅप डिव्हाइस इज अव्हेलेबल’. म्हणजे त्याने मला शुक्रवारीच सांगितलं होतं?

जुनं खोड | रविवार, संध्या. ५:२०

सांगितलं होतं. अपडेटच्या दोनशे ओळींत ती दोन वाक्यं कोण वाचतं?

लॅपटॉप हायबरनेट केला की मेमरीतला पसारा स्वॅपवर ठेवला जातो. म्हणून चालू होताना ते गाठोडं आधी विचारतं, ‘स्वॅपवर मागचं काही ठेवलंय का?’ त्याला जुना पत्ता दिलाय. तिथे कुणी नाही, मग ते साधारण ३० सेकंद दार वाजवतं.

ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये एकच ओळ असेल. तिथेही नवी माळ टाका आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल’. ‘के ऑल’ विसरू नका, नाहीतर जुन्या कर्नलच्या गाठोड्यात जुनाच पत्ता राहील आणि कधीतरी जुनं कर्नल निवडाल त्या दिवशी हा धागा पुन्हा वर येईल.

अवांतर: हे ‘हँग नाही, वाट बघतोय’ प्रकरण जुनं आहे. २०१८-१९ च्या सुमारास काही मशिनं चालू होताना अशी थिजायची आणि माउस हलवला की पळायला लागायची! भुताटकी नव्हती. सुरक्षेसाठी लागणारे यादृच्छिक आकडे पुरेसे जमेपर्यंत कर्नल थांबायचं, आणि माउसच्या हालचालीने त्यात भर पडायची. २०१९ मध्ये ५.३ कर्नल यायच्या तोंडावर गंमत झाली. ईएक्सटी४ मध्ये केलेल्या एका सुधारणेने डिस्कच्या खेपा कमी झाल्या, खेपा कमी म्हणून आकडे कमी, आणि लॉगिनच अडकायला लागलं. टोरवाल्ड्स यांनी ती चांगली सुधारणा तात्पुरती मागे घेतली. ५.४ पासून कर्नल थांबायची पाळी आली की स्वतःच आकडे तयार करून घेतं.

पाढे पंचावन्न | रविवार, संध्या. ५:३१

नोमोडसेटबद्दलचे शब्द मागे घेतो. डोळे उघडे ठेवून वाचत जाईन.

कोरी पाटी | रविवार, संध्या. ६:१०

३१ सेकंद!!! फर्मवेअर ८, लोडर ५, कर्नल ५, यूजरस्पेस १३. क्वाएट स्प्लॅश परत घालू का? आता त्या ओळी बघायला बरं वाटतंय.

रात्रपाळी | रविवार, संध्या. ६:१८

मग घालू नका. मी पाच वर्षं घातलेलं नाही.

जुनं खोड | रविवार, संध्या. ६:४०

आता सगळं झाल्यावर सुचतंय. दोन फाइली बदलण्याऐवजी नव्या स्वॅपलाच जुना क्रमांक देता आला असता: ‘स्वॅपऑफ’ करून ‘सुडो स्वॅपलेबल डॅश यू’ (हा यू मोठा), मग जुनी माळ, मग डेव्ह/एसडीए३. मग एफएसटॅब आणि रिझ्यूम दोन्ही आपोआप खरे ठरले असते. ‘एमकेस्वॅप डॅश यू’ने (इथेही मोठा यू) पण होतं, पण त्यात पार्टिशनचं नाव चुकलं तर भलतंच काही पुसलं जाऊ शकतं. स्वॅपलेबल स्वॅप नसलेल्या पार्टिशनला हातच लावत नाही.

रात्रपाळी | रविवार, संध्या. ६:४६

हे मला सुचायला हवं होतं. वाचवून ठेवतो.

कोरी पाटी | रविवार, संध्या. ७:०५

शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. मी हायबरनेट कधीच वापरत नाही. ती रिझ्यूमची ओळ मुळात हवी कशाला?

जुनं खोड | रविवार, संध्या. ७:१२

नको असेल तर त्या ओळीच्या जागी ‘रिझ्यूम=नन’ (रिझ्यूम मोठ्या अक्षरांत, नन छोट्या) लिहा आणि गाठोडं पुन्हा बांधा. तसंही ४ जीबी रॅमला २ जीबी स्वॅप, हायबरनेटची हमी नाहीच. पुन्हा कधी पार्टिशन हलवाल तेव्हा निदान हे एक दार कुणी वाजवत बसणार नाही. एफएसटॅबकडे मात्र तेव्हाही बघावं लागेल.

कोरी पाटी | रविवार, संध्या. ७:३०

केलं. फाइलही पाठवली, सोमवारच्या आधी! शीर्षकात ‘सुटलं’ लिहिलंय.

तिरकस | रविवार, संध्या. ७:३४

म्हणजे विंडोज नको?